बॅट टाक, जोएल

जोएल झिराडकर शेजारच्या घरात लहानाचा मोठा झाला. दोन घरांमधली भिंत एकच होती. तरीही कमलाकर देवस्थळीला तो फारसा कळला होता असं म्हणता येणार नाही. त्याचं मन कोणावर होतं, अमेरिकेतले पाच उन्हाळे त्याने कसे काढले, तिथे त्याला एकटं वाटायचं का, यातलं कमलाकरला काही ठाऊक नव्हतं. विचारायचा धीर झाला नाही. कमलाकर हीथ्रोच्या कार्गो शेडमध्ये आयुष्यभर राबला, पण कोणाला हाक मारायची तर आधी दोनदा खोकणारा माणूस तो. जोएलबद्दल त्याला पक्कं माहीत होतं ते एवढंच, की हा मुलगा चेंडू फार लांब मारतो. ही गोष्ट मात्र त्याला सगळ्यांच्या आधी कळली होती, कारण जोएलला पहिला चेंडू त्यानेच टाकला होता.

झिराडकर म्हणजे अलिबागजवळच्या झिराडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी बोलायचे आणि शनिवार पाळायचे. जोएलचा बाप हाईम विमानात जाणारं जेवण बनवणाऱ्या किचनमध्ये कामाला होता आणि त्याची बायको सिमा शाळेत मुलांना जेवण वाढणारी डिनर लेडी. ते लंडनच्या हाउन्सलोला शेजारी राहायला आले तेव्हा सिमाच्या कडेवर थोरली मुलगी मिखाल होती. जोएलचा जन्म इथलाच. त्यांच्या नव्या वर्षाला सिमाकडून गव्हाच्या चिकाचा हलवा यायचा, दिवाळीला कमलाकरची बायको स्वाती चकल्या पाठवायची आणि ताटली रिकामी परत द्यायची नाही या दोन्हीकडच्या हट्टामुळे ती वर्षभर कुंपणावरून इकडून तिकडे फिरत राहायची.

जोएल शाळेत जायला लागला तेव्हा हाईम एकदा म्हणाला, "कमलाकर, तू अंपायर होतास ना रे? याला जरा क्रिकेट शिकव. मला बॅट कुठून धरतात ते पण माहीत नाही."

कमलाकर ठाण्याला असताना बँकांच्या सामन्यांत अंपायरिंग करायचा. फलंदाजाला बाद देताना बोट वर करायलाही तो लाजायचा, पण खेळ त्याला बारकाईने कळायचा. घरांच्या मागे गॅरेजेसची गल्ली होती. तिथे त्याने जोएलला शिकवायला घेतलं आणि दोन गोष्टी घोटून घेतल्या. चेंडू जमिनीलगत खेळायचा. आणि धाव घेताना बॅट हातातून सोडायची नाही, पोहोचता पोहोचता ती पुढे टेकवायची. पहिली गोष्ट जोएलने जन्मात कधी ऐकली नाही. दुसरी त्याच्या हाडात मुरली.

चेंडू गल्लीतून उडायचा तो थेट पलीकडच्या लोकांच्या बागेत. मग कमलाकर तोंड बारीक करून त्यांची बेल वाजवायचा आणि जोएल मागे उभा राहून हसायचा. क्लबात घातल्यावर तिथेही तेच. चार चेंडू मैदानाबाहेर आणि पाचव्यावर झेल. शेवटी क्लबच्या कोचने हाईमला बाजूला घेऊन सांगितलं, की मुलगा गुणी आहे, पण त्याला हवेशिवाय दुसरं काही दिसत नाही.

पुढे जोएल ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीच्या गोदामात लागला. लंच ब्रेकमध्ये तो पार्किंगमध्ये झाडूच्या दांड्याने टेनिसचा चेंडू मारत होता, तेव्हा तिथल्या एका कॅनडियन माणसाने ते पाहिलं. तो म्हणाला, चेंडू हवेत मारणं हाच जिथे गुण समजतात, असा एक खेळ आहे, आणि रविवारी सकाळी तो इथून जवळच चालतो.

असा जोएल बेसबॉलकडे गेला. त्याचा पहिला सामना बघायला हाईम कमलाकरला ओढून घेऊन गेला. जोएलने पहिलाच चेंडू मारला, पण तो नीट बसला नाही आणि जमिनीवरून घरंगळत गेला. जोएल पहिल्या बेसकडे पळाला. बेस म्हणजे जमिनीत बसवलेली पांढरी, चौकोनी, गादीसारखी पिशवी. पळणारा आधी पोहोचला तर वाचला, चेंडू आधी पोहोचला तर बाद. जोएल जीव खाऊन पळत होता, बॅट हातात घट्ट धरून. पोहोचता पोहोचता त्याने ती पुढे टेकवली, अगदी शिकवल्याप्रमाणे. बेसबॉलमध्ये मारून झालं की बॅट तिथेच टाकायची असते. ती टेकवून काही उपयोग नाही, पाय लागावा लागतो, आणि ते ओझं घेऊन पळणारा नेहमी अर्धं पाऊल मागे राहतो. जोएल राहिला.

"काय रे, शॉपिंग घेऊन कुठे निघालास?" असं तो कॅनडियन माणूस, जो संघाचा कोचही होता, इंग्रजीत ओरडला आणि सगळं मैदान हसलं. हाईम पण हसला. त्याने कमलाकरला विचारलं, "का हसतायत रे?"

"काही नाही," कमलाकर म्हणाला. त्याला ते घरी जाताना गाडीत कळलं, जोएलने समजावून सांगितल्यावर.

ती सवय सुटायला जोएलला पुरा एक उन्हाळा लागला. एकदा सुटल्यावर मात्र त्याला अडवायला कोणी राहिलं नाही. तो उंच होता, डावखुरा होता आणि त्याला पहिल्या बेसवर उभं करण्यात आलं. बाकीचे खेळाडू चेंडू अडवून तिकडेच फेकतात. पहिल्या बेसवरच्या माणसाने एक पाय पिशवीवर ठेवून, दुसरा पुढे टाकून, अंग ताणून तो झेलायचा असतो. हे काम जोएल चांगलं करायचा. पण लोक बघायला यायचे ते त्याचं मारणं. दोन वर्षांत त्याचं नाव एवढं झालं, की अमेरिकेतल्या एका छोट्या गावच्या संघाने त्याला बोलावून घेतलं. सगळ्यांत खालच्या पायरीचा संघ, पण व्यावसायिक. खेळायचे पैसे मिळायचे, पाठीवर नाव असायचं.

दोन हजार एकपासून पाच उन्हाळे तो तिकडे खेळला आणि पाच हिवाळे हाउन्सलोला येऊन एअरपोर्टवर सामान चढवायला जायचा. तिकडून शुक्रवारी, सिमा दिवे लावायच्या आधी, त्याचा फोन यायचा. मग रविवारी कुंपणापाशी हाईम बातमी द्यायचा.

"गुरुवारी दोन मारले म्हणे."

"हवेत?" कमलाकर विचारायचा.

"हवेतच."

"हं," कमलाकर म्हणायचा आणि टोमॅटोच्या रोपांकडे वळायचा. मनातून तो इतका खूश असायचा, की त्याच रोपाला दोनदा पाणी घालायचा.

सहाव्या उन्हाळ्यात जोएलचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, संघाने त्याच्या जागी बावीस वर्षांचा एक मुलगा घेतला आणि जोएल मोठी बॅग घेऊन घरी आला. पुन्हा रविवारी ब्रॅकनेलला खेळायला लागला. गुडघा बेताचा असला, तरी मारणं होतं तसंच होतं. असंच एक वर्ष गेलं.

दोन हजार सातच्या जुलैमध्ये एका संध्याकाळी तो कुंपणाशी आला.

"काका, बिझी आहात?"

कमलाकर पाणी घालत होता. "नाही."

"मला बॉल टाकाल? लहानपणी टाकायचे तसा. पण लो. पायाजवळ टप्पा पाहिजे."

"अरे, माझा खांदा आता..."

"स्लो चालेल." जोएल कुंपणावर टेकला. त्याचं मराठी त्याच्यासारखंच होतं, मोठ्या आवाजाचं आणि नियम न जुमानणारं. "हॉलंडचा एक क्लब आहे. प्रो. त्यांना फर्स्ट बेसमन पाहिजे, पॉवर हिटर. त्यांचा माणूस येतोय ब्रॅकनेलला, ऑगस्टच्या लास्ट संडेला. मला बघायला."

"मग काय, तू मारशील की."

"मारणार. ते त्याला माहीत आहे. पण होमरन मारला ना काका, बॉल एकदम बाहेर, की चालत आलो तरी चालतं. त्याला माझी गुडघा बघायची आहे. मी वाकतो का आणि मी पळतो का."

"आणि नाही जमलं तर?"

"तर एअरपोर्ट, फुल टाइम. वाईट नाही ते, तुम्ही पण केलं. पण मी एकोणतीस आहे. याच्यानंतर कोण नाही येणार बघायला." हे त्याने कुरकुरत सांगितलं नाही. उद्या कुठली ट्यूब पकडायची ते सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाला, "जमणार. तुम्ही फक्त टाका."

दुसऱ्या दिवसापासून गॅरेजच्या गल्लीत दोघांचं सुरू झालं. स्वातीने जुन्या उशीचा अभ्रा भरून बेस करून दिला. कमलाकर खांदा न उचलता, खालून चेंडू टाकायचा. गल्लीतल्या एका फरशीची कड वर आली होती. त्या कडेवर टप्पा पडला की चेंडू कसाही उसळायचा. कमलाकर बरोबर तिथेच टाकायचा. जोएल उशीवर पाय ठेवून असा लांब पसरायचा, की बघणाऱ्याच्या मांडीत गोळा यावा. पहिल्या आठवड्यात तो दर वेळी दात आवळायचा. तिसऱ्या आठवड्यात चेंडू पकडता पकडता बोलायला लागला.

वाकणं जमलं. पळणं जमेना. सरळ ठीक होतं, पण वळून परत यायचं म्हटलं की तो दुखऱ्या पायावर भार द्यायला कचरायचा आणि अडखळायचा. कमलाकरने दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने बागेतल्या शेडमधून जोएलची जुनी क्रिकेटची बॅट शोधून आणली.

"ही घे. टेकव आणि वळ."

जोएलने बॅट घेतली, पळत गेला, टेकवली आणि वळला. एकदम सुरेख. काठीचा आधार मिळाल्यावर जिना चढणारा माणूस चढतो तसा. पुन्हा गेला, पुन्हा वळला. त्याच्या चेहऱ्यावरची आठी गेली. मग रोज संध्याकाळी चेंडू झाले की बॅट घेऊन पळापळी. गुडघा दिवसेंदिवस सुधारत होता आणि दोघंही स्वतःवर बेहद्द खूश होते. यात काही गफलत होतेय हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पळणाऱ्याच्या हातात बॅट दिसली तर त्याला वावगं वाटत नाही.

स्वातीने किचनच्या खिडकीतून पाहिलं. क्रिकेटशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "अहो, त्याला हॉलंडला पाठवायचंय की लॉर्ड्सला?"

"तुला कळत नाही त्यातलं," कमलाकर म्हणाला.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात सिमा कुंपणाशी आली. "भाऊजी, मी आमच्या एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोललेय. जोएलचं काम झालं की करणार. तुम्ही दोघांनी यायचं."

"हो, पण आधी त्याचं..."

"होणार. मी बोललेय ना," सिमा म्हणाली आणि पोहे कुठल्या दुकानातले चांगले, हे स्वातीला विचारायला आत गेली.

रविवारी ब्रॅकनेलला छान ऊन पडलं होतं. हाईमने घडीच्या खुर्च्या मांडल्या. जाळीच्या मागे एक उंच माणूस एकटाच बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. तोच हॉलंडचा, हे कोणी सांगायची गरज नव्हती. तो चेंडूकडे बघतच नव्हता. जोएल ज्या पायावर उभा होता त्या पायाकडे बघत होता.

या खेळात छोटे छोटे डाव बरेच असतात. दुसऱ्याच डावात जोएलने असा एक मारला, की तो मैदानाच्या कुंपणावरून, त्यामागच्या ओकच्या झाडांवरून गेला आणि खाली कुठे पडला याचा आवाजसुद्धा आला नाही. लोक उठून उभे राहिले. जोएल सावकाश, टोपी सारखी करत, चारही बेस फिरून आला. उंच माणूस बसूनच होता. पुढे दोनदा पहिल्या बेसवर चेंडू फार खाली आला आणि जोएलने गल्लीतल्यासारखं पसरून तो मातीतून उचलला. तेव्हा त्या माणसाने पहिल्यांदा मान हलवली. म्हणजे वाकणं पास झालं. राहिलं पळणं.

आणि जोएलला पळायला मिळेना. त्याचा तो फटका बघून समोरच्या संघाने त्याचा धसका घेतला. पुढच्या दोन्ही वेळी गोलंदाजाने मुद्दाम चेंडू लांब बाहेर टाकले. असं चार वेळा केलं की मारणाऱ्याला पहिला बेस फुकट मिळतो, तो चालत जातो. जोएल दोन्ही वेळा चालत गेला.

"हे काय रे? मारूच देत नाहीत," हाईम म्हणाला.

"घाबरले," कमलाकर म्हणाला. त्याच्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता.

शेवटचा डाव आला. दोन्ही संघ बरोबरीत, ब्रॅकनेलचे तीनपैकी दोन गडी बाद आणि एक खेळाडू तिसऱ्या बेसवर येऊन थांबलेला. जोएल मारायला आला. तो पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला, तर तिसऱ्यावरचा घरी, म्हणजे चेंडू मारतात त्या चौथ्या बेसवर, येणार आणि सामना जिंकणार. समोर नवा गोलंदाज आणला होता, कोवळा, आणि त्याला जोएलला बाहेर चेंडू टाकून सोडून देणं मान्य नसावं. त्याने चेंडू सरळ टाकला, पण फार खाली. जोएलने सगळी ताकद लावली आणि चेंडू बॅटच्या खालच्या कडेला लागून घरंगळत गेला.

आता पळायचं होतं. जोएल पळाला. गुडघा उचलून, पाय झोकून, दुखणं कधी नव्हतंच असा पळाला. हाईम खुर्चीवरून उठला. सिमाने डोळे मिटले. फक्त कमलाकरला दिसलं, की जोएलच्या हातात बॅट आहे.

गल्लीतल्या त्या सगळ्या संध्याकाळी कमलाकरच्या डोळ्यांसमोरून गेल्या. तो उठला. खोकला नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. ब्रॅकनेलच्या त्या मैदानावर, चारशे इंग्रज माणसांत, कमलाकर देवस्थळी बेंबीच्या देठापासून ओरडला, "जोएल, बॅट टाक!"

बॅट पडली. जोएलने शेवटची दोन पावलं अंग सोडून घेतली आणि त्याचा पाय पिशवीवर पडला तेव्हा चेंडू झेलणाऱ्याच्या हातात पोहोचतच होता. अंपायरने दोन्ही हात आडवे पसरले. वाचला. तिसऱ्यावरचा खेळाडू केव्हाच घरी पोहोचून नाचत होता.

आजूबाजूचे लोक कमलाकरकडे वळून बघत होते. तो हळूच खुर्चीत बसला आणि गार चहा प्यायला.

सगळं शांत झाल्यावर जोएल त्या उंच माणसाला घेऊन त्यांच्याकडे आला. माणसाने इंग्रजीत विचारलं, "हे गृहस्थ मघाशी काय ओरडले?"

"बॅट टाक म्हणाले," जोएलने सांगितलं.

"तुझे कोच आहेत?"

"हो. पळताना बॅट सोडायची नाही, हे पण यांनीच शिकवलं."

तो माणूस हसायला लागला आणि हसता हसताच त्याने जोएलला तिथेच गवतावर उकिडवं बसायला लावलं, उठायला लावलं, पुन्हा बसायला लावलं. मग कमलाकरशी हस्तांदोलन केलं आणि जोएलला म्हणाला, सीझन एप्रिलला सुरू होतो, मार्चमध्ये ये, दोन वर्षांच्या कराराचं बघू. ते सगळं त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं, त्यामुळे हाईमला ते समजायला थोडा वेळ लागला.

गाडीत बसताना जोएल म्हणाला, "काका, तुमचा आवाज एवढा मोठा आहे?"

"मला पण माहीत नव्हतं," कमलाकर म्हणाला.

सिमाने बोलल्याप्रमाणे मलिदा केला. मोठ्या थाळीत भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि वेलची, भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. डोकं झाकायचं की नाही, या विचारात कमलाकर दारातच घुटमळला, तेव्हा हाईमने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि हात धरून आत नेलं. प्रार्थना हिब्रूत झाली. नंतर सगळ्यांना वाटताना सिमाने स्वातीला म्हटलं, "पोहे तुमच्या दुकानातलेच हां," आणि जोएलने तीन केळी उचलली म्हणून त्याच्या हातावर फटका मारला.

हॉलंडला जोएलने नाव काढलं. किती मारले, कमलाकरला सांगता येणार नाही. हाईम कुंपणाशी सांगायचा त्यावरून एवढंच कळलं, की मैदानापलीकडे कालवा होता आणि क्लबला तिथे उंच जाळी लावावी लागली. दोन हजार नऊमध्ये हाईम आणि सिमा इस्राएलला, मिखालकडे राहायला गेले. शेजारी दुसरे लोक आले, भले आहेत, पण ताटली फिरायची थांबली. सिमाचा एकदा फोन आला तेव्हा कळलं, की जोएल हॉलंडलाच राहिला, लग्न केलं आणि आता लहान मुलांना शिकवतो. पहिल्या दिवशी तो त्यांना काय सांगत असेल, याचा कमलाकरला अंदाज आहे.

जोएलची आणि त्याची शेवटची भेट मात्र त्या मार्चमधली, तो हॉलंडला निघाला त्या सकाळची. वारा सुटला होता. टॅक्सी दारात उभी होती, सिमा आत डबा भरत होती आणि हाईम पासपोर्ट घेतला का म्हणून तिसऱ्यांदा विचारत होता. जोएल मोठी बॅग खांद्याला लावून कुंपणाशी आला.

"काका, उद्या रिसायकलिंगचा दिवस आहे. डॅड विसरतात. आमचा बॉक्स पण बाहेर ठेवाल?"

"ठेवतो. वर काहीतरी वजन ठेव, वाऱ्याने उडेल."

"वीट ठेवली आहे."

"मग झालं."